नऊचा बाण

उजवा खांदा आता फळ्याच्या वरच्या ओळीपर्यंत हात जाऊ देत नाही. वर्गातली पोरं विचारतात, "मॅडम, धनुष्यानं झालं का?" हो रे बाबांनो, त्यानंच खाल्ला. सगळं तरुणपण दोरी ओढण्यात गेलं आणि पदरात काय पडलं? हे दुखणं आणि बाबांची एक गोष्ट. दुखण्याला निदान मलम तरी आहे.

बीबी या आमच्या गावी, घरच्या वावरात मी आणि माझी मैत्रीण कडब्याच्या पेंढ्यांवर सराव करायचो. बाण थोडेच, तेही दोघींत. म्हणून एकीनं मारले की दुसरी धावत जाऊन उपटायची आणि लगेच आपल्या पाळीला उभी राहायची. ती सवय हाडात मुरली. स्पर्धेत मात्र उलटं. गुण लिहून होईपर्यंत बाणाला हात लावायचा नाही.

विभागीय निवडीला आम्ही दोघी एकाच लक्ष्यावर होतो. माझा शेवटचा बाण मधल्या पिवळ्या वर्तुळात बसला, दहाच्या रेघेजवळ. रेघेला टेकला तर दहा आणि मी राज्याच्या संघात. नाही तर नऊ आणि घरी. पंच यायच्या आधीच मैत्रिणीनं तो उपटला! पंचांनी भोक पाहिलं, मान हलवली आणि नऊ लिहिले. खेळ खलास.

तेव्हापासून बाबांचं कीर्तन सुरू. चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत, जिथे माणूस सापडेल तिथे. "दहाच होता. त्या पोरीनं उपटला, नाहीतर माही पोरगी कुठच्या कुठं गेली असती." मी किती वेळा ओरडले, "बाबा, नऊ होता, मी माझ्या डोळ्यांनी पाहिला!" लोक म्हणायचे, काय मोठ्या मनाची पोर. डोंबलाचं मोठं मन! जवळ असला तरी रेघेच्या बाहेरच होता तो. खरं बोलून बोलून माझंच तोंड दुखलं.

मैत्रीण लग्न होऊन इथं जवळच सुलतानपूरला गेली. पण माहेरी आली की कोणीतरी म्हणायचंच, "हेच का वं, बाण उपटणारी?" हळूहळू तिचं येणं कमी झालं. जिवाभावाची एकच मैत्रीण, तीही या गोष्टीपायी जाणार, या विचारानं मी आतून थकले होते.

परवा बाबा अंगणात पडले, पायाचं हाड मोडलं. ती भेटायला आली, तर खाटेवरूनही तेच, "दहाच होता." माझं डोकंच फिरलं. तिला हाताला धरून मागच्या ओट्यावर नेलं.

"तू काऊन चूप बसतं वं? सांग ना त्याइले, सवयीनं हात गेला आन् बाण नऊचाच होता!"

"सवयीनं नाही गेला," ती म्हणाली. "जवळ गेल्याबरोबर दिसलं मले, नऊ हाये. म्हणून त उपटला. म्हटलं, नुसतं भोक पाहून पंच दहा देऊन टाकतीन."

"माय वं! मंग इतकी वर्षं बोलणी काऊन खाल्ली?"

"पोरगी हरली म्हणणं तुह्या बाबाले जड गेलं असतं. माह्यावर राग काढणं सोपं होतं."

आतून चहाची हाक आली. तिनंच चहा नेला, बाबांना उशीला टेकवून बसवलं.

"कोणी काही म्हणो, दहाच होता," बाबा म्हणाले.

"हाव काका, दहाच होता," म्हणत तिनं बशी त्यांच्या तोंडाला लावली.

त्या दिवशी पहिल्यांदाच मी नऊ म्हटलं नाही.