खंडेनवमीच्या पाटावरची बंदूक

लालबागच्या आमच्या खोलीत खंडेनवमीला पाटावर हत्यारे मांडली जात, तेव्हा कानस, मापे घ्यायचा कॅलिपर, हातोडी आणि लोखंड कापायचा हॅक्सॉ यांच्या शेजारी एक जपानी सबमशीनगन असे. आज हे वाक्य लिहिताना मला त्यात जेवढे विपरीत दिसते, तेवढे त्या काळी दिसत नव्हते. वडील गिरणीच्या मेकॅनिक खात्यात फिटर होते. त्याआधी ते ब्रह्मदेशात लढाईवर होते आणि ती बंदूक त्यांनी तिथून वळकटीत गुंडाळून आणली होती. घरात हत्यार आहे म्हणजे नवमीला ते पुजले पाहिजे, इतका साधा त्यांचा विचार. एरवी ती माळ्यावर पडून असे.

जपान्यांनी अशा बंदुका उशिरा आणि थोड्याच बनवल्या. काडतुसांची वाकडी पेटी डाव्या बाजूने आडवी बसे. नळीभोवती भोके पाडलेले आवरण होते आणि नळीच्या आत क्रोमचा मुलामा, दमट हवेत गंज धरू नये म्हणून. युद्ध हरत आल्यावर त्यांनी वेल्डिंगचे ओघळसुद्धा घासले नाहीत, असे वडील सांगत. आमची मात्र आधीची, निगुतीने घडवलेली होती. तिच्यात फक्त बोल्ट नव्हता. मागेपुढे धावून गोळी उडवणारा तो पोलादी ठोकळा वडिलांनी परतताना नदीत टाकला होता. मी त्याच खात्यात लेथवर टर्नर होतो, आणि तसा ठोकळा कातणे मला अवघड नव्हते.

संयुक्त महाराष्ट्रासाठी शहर पेटले होते. त्या वर्षी शेजारच्या खोलीतल्या माझ्या मित्राचा धाकटा भाऊ परळच्या नाक्यावर पोलिसांच्या गोळीबारात गेला. पुढे नवमी आली. मित्र नेहमीसारखा पाटाला नमस्कार करायला आला, वाकला, आणि बंदुकीवर ठेवलेला हात त्याने उचललाच नाही.

"काका, हिला बोल्ट केला तर चालेल ना?"

"गोळी कुठली आणशील? हिची गोळी जपान्यांशिवाय कोणाकडे नाय."

"गोळी पण करू. हा टर्नर कशाला आहे मग? नुसते गिरणीचे स्पिंडल घासायला?"

वडिलांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "आपल्याकडे माप कुठंय?"

रागावले की ते मालवणीवर येत. "खोटा बोला नको. माझ्या कॅलिपराक हिचा तेल लागलेला. सकाळी मीच पुसलंय."

मी मान खाली घातली. मापे मी घेऊन ठेवली होती. मित्राने मागण्याआधीच घेतली होती. मित्राच्या गेलेल्या भावासाठी मी हे करतो आहे, असे मी स्वतःला सांगत असे. आता पन्नाशी उलटल्यावर तपासून पाहतो, तेव्हा त्यात दुःखापेक्षा कारागिराची हौसच जास्त सापडते.

पुजलेले हत्यार त्या दिवशी हातात धरायचे नाही, हा नेम वडिलांनी कधी मोडलेला नव्हता. त्यांनी पाटावरचा हॅक्सॉ उचलला. पात्यावरचे झेंडूचे फूल घरंगळत चुलीपाशी गेले.

आई म्हणाली, "अहो, आज नको. उद्या कापा."

"उद्यापर्यंत हे दोघे थांबायचे नाहीत."

त्यांनी बंदूक उंबऱ्यावर आडवी धरली आणि आम्हाला दोन्ही टोके दाबायला सांगितली. आवरण लवकर तुटले. नळीचे पोलाद चिवट निघाले. पात्यावरचे कुंकू लोखंडाच्या चुऱ्यात मिसळून खाली पडत होते. क्रोमपाशी दाते घसरू लागले, आणि कापसाच्या धुळीने आधीच भरलेली वडिलांची छाती भात्यासारखी वाजू लागली. ते थांबले आणि हॅक्सॉ माझ्यापुढे धरला.

मी घेतला नाही. दोन्ही हात बंदुकीवर आहेत, ही सबब मला पुरेशी वाटली.

मित्राने माझ्याकडे एकदा पाहिले. मग आपल्या टोकावर पाय देऊन त्याने वडिलांच्या हातातून हॅक्सॉ घेतला. भाऊ गेल्यापासून तो आमच्या कुणासमोर रडला नव्हता. नळीचे दोन तुकडे होईपर्यंत तो रडत होता आणि कापत होता, आणि मी बंदूक घट्ट धरून होतो.