मंजुळाला देवीच्या हाती सोडताना

देवावरचा माझा विश्वास उडाला तो प्रयोगशाळेत. नव्वदच्या दशकाची अखेर होती. मुंबईला वसतिगृहात राहून मी जैववैद्यकीय विज्ञानाच्या पदवीचं शिक्षण घेत होते. दुसऱ्या वर्षी रक्ताच्या आजारांचं प्रात्यक्षिक होतं. बाईंनी सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्टी लावली आणि एकेकीला बघायला बोलावलं. गोल तांबड्या पेशींमध्ये काही पेशी विळ्यासारख्या वाकलेल्या होत्या. बाई लक्षणं सांगू लागल्या: हाडं फुटावीत तशा वेदना, पिवळे डोळे, थंडीत वाढणारा त्रास. बाकीच्या मुली लिहून घेत होत्या. मला मात्र मुरबाडकडच्या धसई गावाच्या वरच्या अंगाला आमच्या पाड्यावर, चुलीजवळ गुडघे पोटाशी घेऊन कण्हणारी माझी धाकटी बहीण मंजुळा दिसत होती.

सुट्टीनंतर मी तिला सोबत मुंबईला नेऊन तपासणी करून घेतली. आजार तोच निघाला. तिच्यासाठी आई आणि बा वर्षानुवर्षं गावदेवीला नवस बोलत आले होते. आजार त्या दोघांच्याच रक्तातून तिच्यात उतरलाय, हे त्यांना सांगायला माझी जीभ रेटेना. बा एवढंच म्हणाला, "तू येवढी शिकतेस ना, मग हिचं औषद काय ता सांग." हा आजार बरा करणारं औषध आमच्या आवाक्यात कुठेच नव्हतं. माझ्या शिकण्याचा उपयोग इतकाच झाला, की पुढे काय होणार हे घरात फक्त मला ठाऊक होतं. मी देवीपुढे हात जोडणं सोडलं. पुस्तक उघडलं की लगेच मिटून ठेवायचे. कॉलेज सोडायचं मनात पक्कं होत चाललं होतं.

पुढच्या पावसाळ्यात मी घरी असताना मंजुळाला ताप भरला आणि छातीत कळा येऊ लागल्या. शेजाऱ्यांच्या उघड्या जीपमधून बा आणि मी तिला मुरबाडच्या दवाखान्यात न्यायला निघालो. वाटेत ओढ्यावरच्या ठेंगण्या फरशीपुलावरून पाणी चाललं होतं. जीप थांबली. मंजुळा चिंब भिजून थरथरत होती, आणि थंडी तर तिच्या रक्ताची वैरीण. कोरडं पांघरूण आणि ऊन पाणी, एवढंच हवं होतं आणि तेवढंच नव्हतं. "ताय, मी मरते का गो?" तिने विचारलं. मला खोटं बोलवेना. मी मनात देवीला वाट्टेल ते बोलले आणि बोलणं संपल्यावर म्हटलं, आई, माझ्याच्याने आता होत नाही. हिला ठेव नाहीतर ने, तुझी तू बघ.

झाडीआड एक घर होतं, ते मला दिसलंही नव्हतं. तिथून घोंगडी पांघरलेली एक वयस्क बाई उतरत आली. जीपचा आवाज वाटेतच बंद झाल्याचं तिने ऐकलं होतं. "पोरीला वर आना," ती म्हणाली, "चूल पेटलेली हाय." आम्ही कोण, कुठले, काही विचारलं नाही. तिने मंजुळाला कोरडं लुगडं गुंडाळून चुलीशी निजवलं. हिला सारखं काहीतरी पाजायला हवं, असं मी सांगितलं, तशी ती पेजेचं ऊन पाणी चमच्याने पाजत बसली. पाजताना तिचे ओठ देवीचं नाव घेत हलत होते. दुपार कलली तरी तिचा हात थांबला नाही. मावशी, आता मी पाजते, असं मी म्हटलं, तर माझ्याकडे न बघताच म्हणाली, "तू बस. तू लय दमलीस." तपासणी झाल्यापासून हे मला कुणीच म्हटलं नव्हतं. मी भिंतीला टेकून पोटभर रडले.

तिन्हीसांजेला पाणी उतरलं आणि आम्ही मुरबाडला पोचलो. डॉक्टरांनी सलाईन आणि ऑक्सिजन लावला. ऊब आणि पाणी मिळालं नसतं तर कठीण होतं, असं ते म्हणाले. मंजुळा वाचली. नंतर मी नारळ घेऊन त्या घरी गेले, तेव्हा मावशी संकोचली. पोर भिजत होती म्हणून नेली, त्यात काय, असं म्हणाली.

मी पदवी पूर्ण केली. मंजुळा आणखी काही वर्षं जगली, जत्रेत हिंडली, माझ्याशी भांडली, आणि एका हिवाळ्यात गेली. शरण गेलं की दुःख हलकं होतं, असं मी ऐकलं होतं. तसं होत नाही. त्या आठवड्यात मी देवळात जाऊन बसले. मागायला काही उरलं नव्हतं. मिळालेल्या वर्षांसाठी हात जोडले. ते जोडताना किती जड झाले होते, ते देवीला ठाऊक आहे.