पहिल्या पिठाची भाकरी

कोनगावातल्या सुकन्याला थर्माकोलची भारी शिसारी. नवऱ्याने नवा टीव्ही आणला, तर हिने खोका उंबऱ्याबाहेरच फोडायला लावला. बायका पालीला किंचाळतात, ही थर्माकोलला! पण त्यामागे इतिहास आहे, आणि तो थेट तिच्या माहेरच्या, दिघाशीच्या शाळेत जातो.

चौथीत गुरुजी लढाई शिकवत होते. तलवारी खणखणल्या, घोडे उधळले, गड सर झाला. सुकन्याने बोट वर केलं, "गुरुजी, त्या दिवशी भाकऱ्या कोणी भाजल्या?" गुरुजींनी तिला बाकावर उभं केलं. उत्तर काही दिलं नाही.

ते उत्तर ती अजून शोधतेय. एरवी गोडाऊनमध्ये पार्सलं स्कॅन करते; सुट्टीच्या दिवशी मात्र तीनशे वर्षांपूर्वीची बाई होते. कल्याण-ठाण्याकडची आणखी चार-पाच येडी तिच्या जोडीला आहेत. कोणी कुंभार होतो, कोणी पाणक्या. राजा-राणी कोणी व्हायचं नाही, हा त्यांचा नियम. सुकन्या जाडंभरडं लुगडं नेसून अंगणात तीन दगडांची चूल मांडते, जात्यावर नाचणी दळते, भांडी राखेने घासते. सासू गुणाबाई ओट्यावरून टोमणे मारायच्या, "आमचं मनगाट झिजलं जातं ओढून, नि हिला हौस हाय! उंद्या हांडा घेऊन हिरीवं पन जा गो!"

यंदा पुढारी कुमारशेठने भिवंडीत इतिहास महोत्सव भरवला. निवडणूक जवळ आली की शेठला इतिहास आठवतो. सुकन्याने एकच मागणं घातलं, मैदानाच्या कडेला उघड्यावर चूल मांडायला जागा. एकदा तरी लोकांनी ती भाकरीवाली बाई बघावी, एवढंच तिचं स्वप्न.

"वहिनी, जागा तुमचीच!" शेठ म्हणाला.

हिने हरखून जात्याचे झिजलेले दगड छिन्नीने टोचून घेतले, नवी टाकीसुद्धा लावून घेतली.

महोत्सवाच्या आदल्या संध्याकाळी बघायला गेली, तर तिच्या जागेवर सेल्फीसाठी सोनेरी सिंहासन! तिची सोय स्टेजवर केलेली. चूल प्लास्टिकची, जाळ म्हणजे पंख्यावर फडफडणारं नारिंगी कापड. नेसायला चकचकीत पॉलिस्टरचं लुगडं, तेही आधीच्या कुणाच्या घामाने आंबलेलं. मागे थर्माकोलचा बुरूज, त्यावर गुटख्याची ताजी पिचकारी. आणि परातीत काळा स्प्रे मारलेल्या थर्माकोलच्या भाकऱ्या! सुकन्याने एक उचलली आणि शिसारीने टाकून दिली.

"शेठ, माझी चूल?"

"पुढच्या वर्षी, वहिनी! उद्या सरदार घोड्यावरून येणार, तुमच्या हातची भाकरी घेणार, खाल्ल्यासारखं करणार. पब्लिकला तेवढं बास."

"सरदार कोण?"

शेठने नकली मिशीला पीळ दिला.

सुकन्या घरी आली. जात्यावर बसली.

दुसऱ्या दिवशी वरातीच्या घोड्यावरून सरदार आले. दोघांनी धरून खाली उतरवलं. छातीला माईक. सुकन्याने पदराआडून खरी, गरम पाण्यात मळलेली नाचणीची भाकरी पुढे केली. मेकअपपायी शेठ सकाळपासून उपाशी. वास आला तसा त्याने मोठा लचका तोडला.

कचकन् आवाज मैदानभर घुमला.

"थूः! थूः! अरे खडे हायत ह्यात!"

घास अंगरख्यावर, मिशी घासावर. पुढच्या रांगेतल्या बायांनी तोंडाला पदर लावले.

"थर्माकोलपेक्षा बरी आहे की, शेठ," सुकन्या त्याच माईकपाशी वाकून म्हणाली. भाकरीचा पडलेला तुकडा उचलून तिने कपाळाला लावला आणि खाली उतरली.

"परत माझ्या स्टेजवर पाय ठेवायचा न्हाय!" मागून शेठ ओरडला.

महोत्सव बघायला गुणाबाईही आल्या होत्या. परतताना रिक्षात म्हणाल्या, "टाकी लावल्यावं पयलं पीठ फेकून द्यायचं आसतं. त्यात दगडाची कच येते. ठाव न्हाय तुला?"

"ठाऊक आहे, आई."

"मंग? तवाच्या बाया मानसांना आसल्या भाकऱ्या घालीत न्हवत्या."

"घालत असतील, आई. नको त्या पाहुण्याला."

गुणाबाई अशा खदखदल्या की रिक्षावाल्याने वळून पाहिलं. दुसऱ्या दिवशी गोष्ट त्यांनीच गावभर केली.

आता सुट्टीला सुकन्याच्या अंगणात गर्दी असते. जात्याच्या खुंट्याला दुसरा हात गुणाबाईंचा. येणारा प्रत्येक जण चूल बघतो, दळण बघतो, आणि भाकरी हातात घेण्याआधी हळूच विचारतो, "वहिनी, कितव्या पिठाची?"