कौशल्याने बांधलेल्या चाली

कौशल्या निपाणीहून लग्न होऊन बेंगळुरूला आली, तेव्हा के. आर. पुरमच्या मराठी मंडळाला गाणारी नायिका आयतीच मिळाली. दिवसा शाळेत पेटी शिकवायची आणि संध्याकाळी संगीत नाटकाची तालीम. पुढे गळ्यात गाठ निघाली. शस्त्रक्रियेने जीव वाचला, आवाज मात्र गेला. बोलता यायचं, गायला गेलं की नुसती हवा निघे.

तिने तालमीला जाणंच सोडलं. शेवटी मंडळाचे दिग्दर्शक प्रतापराव घरी आले. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलं, त्यामुळे मराठीत कन्नड सहज मिसळायचं.

"अक्का, नवं नाटक बसवतोय. चाली तुम्ही लावायच्या."

"गाऊन कोण दाखवणार, अण्णा?"

"पेटी आहे ना? स्वल्प बघा तरी."

तिने चाली लावल्या. पण पहिल्याच तालमीत नायिका झालेली रक्षिता रडकुंडीला आली. महादेवपुऱ्यात कंपनीत काम करणारी ही मुलगी अभिनयात तयार होती, गळा मात्र बेताचा. चाल ऐकता ऐकता कौशल्याला कळलं, हे गाणं आपण आपल्याच जुन्या गळ्यासाठी बांधलंय. त्या गळ्याला शेवटचा निरोप द्यावा तशी तिने ती चाल सोडून दिली.

"रक्षिता, गाऊ नकोस. आईशी भांडताना बोलशील तसे शब्द नुसते बोल."

रक्षिता बोलत राहिली. तिच्या बोलण्यातले चढउतार कौशल्या पेटीवर धरत गेली. नवी चाल त्यातूनच निघाली. बोलणं कुठे संपलं आणि गाणं कुठे सुरू झालं, हे रक्षितालाही समजलं नाही.

प्रयोगाला त्या गाण्यावर 'वन्स मोअर' आला. दुसऱ्या खेपेला लोक बसल्या जागी गुणगुणू लागले. पेटीवर बसलेल्या कौशल्याला पट्ट्या दिसेनात, इतके डोळे भरले. तरी बोटं चुकली नाहीत.

तेव्हापासून मंडळाच्या प्रत्येक नाटकाच्या चाली तिच्याच. आता तर कन्नड नाटकवालेही बोलावतात. आवाज गेल्याचं दुःख अजून होतं, ते ती लपवत नाही. पण दर दिवाळीला गोकाकचा डिंक-सुकामेव्याचा गोड करदंट घेऊन ती थकलेल्या प्रतापरावांकडे जाते आणि वाकून नमस्कार करते.

"अण्णा, तुम्ही त्या दिवशी आला नसता तर?"

"मी तरी काय करणार, अक्का? दुसरं कोणी मिळतच नव्हतं," म्हणत प्रतापराव हसतात आणि करदंटाचा मोठा तुकडा तिच्याच हातावर ठेवतात.