विमान नव्हतं, पण घाट होता: साठीनंतरचा साधा डायव्ह कॉम्प्युटर शोधायला लोणावळ्यात

मंगळवारी सकाळी सोमाटण्याहून गाडी काढली, ती दोन डायव्ह कॉम्प्युटर घेऊनच परतायचं असं ठरवून. एक माझ्यासाठी, एक झुबेदासाठी.

ज्यांना ही वस्तू माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मनगटावर बांधायचं हे यंत्र घड्याळासारखं दिसतं. तुम्ही किती खोल आहात, पाण्याखाली किती वेळ झाला, अजून किती वेळ थांबणं सुरक्षित आहे आणि फार भराभर वर येताय का, एवढं ते सांगतं. विकणाऱ्यांच्या जाहिरातीत ते नेहमी तिशीतल्या पिळदार मनगटावर असतं. दुधाच्या पिशवीवरची तारीख वाचायला जिला चष्मा लागतो, त्या चौसष्ट वर्षांच्या बाईने कुठलं घ्यावं, यावर कुणी ओळभर लिहीत नाही. म्हणून हा खटाटोप.

झुबेदा माझी कॉन्व्हेंटमधली, एका बाकावरची मैत्रीण. लोणावळ्याच्या बाजारात तिचं हार्डवेअरचं दुकान आहे, आता मुलगा इम्रान बघतो. मी बँकेतून निवृत्त झाले त्या वर्षी आम्ही दोघी डायव्हिंग शिकलो. घरच्यांनी आधी हसून घेतलं, मग फोटो मागितले. तेव्हापासून दर हिवाळ्यात आम्ही मालवणला जायचो. पाण्यात ती कायम माझ्या उजव्या हाताला.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट सांगायलाच हवी. आमच्या दोघींकडे कॉम्प्युटर नव्हते. किनाऱ्यावरचे डायव्हिंगला नेणारे लोक म्हणायचे, "मावशी, तुम्हाला कशाला? आमच्या हातात आहे ना." शेवटच्या सकाळी दोनदा पाण्यात उतरलो. वर आल्यावर मी विचारलं, आजच घरी निघालो तर चालेल का? त्यांनी विचारलं, "विमान आहे का?" नव्हतं. "मग बिनधास्त जा." दुपारी आम्ही फोंडा घाट चढलो. घाटमाथ्यावर झुबेदाचा उजवा खांदा ठणकू लागला आणि त्या हाताची दोन बोटं बधिर झाली. प्रवासाचा शीण समजून तिने बाम चोळला.

खोल पाण्यात श्वासातला नायट्रोजन शरीरात विरघळतो आणि वर आल्यावर सावकाश बाहेर पडतो. तेवढ्यात तुम्ही उंचावर गेलात, तर हवेचा दाब कमी होतो आणि त्याचे बुडबुडे होऊन सांधे आणि नसा दुखावू शकतात. मग तुम्ही विमानाने वर जा नाहीतर गाडीने. आपण मावळातले, पुण्यातले, साताऱ्याचे लोक समुद्रातून निघून घरी जातो ते घाट चढूनच. तरीही त्या किनाऱ्यावर, जिथे निम्मं गिऱ्हाईक घाटावरचं, आम्हाला फक्त विमानाबद्दल विचारलं गेलं. घर कुठे आहे, हे कुणी विचारलं नाही. वर्ष झालं तरी माझा राग उतरलेला नाही, आणि उतरावा असं मला वाटतही नाही.

तर मंगळवार. मी जुन्या हायवेनेच जाते. एक्स्प्रेस वे लवकर पोचवतो, पण पोटाला काही देत नाही. कामशेतला टपरीवर वडापाव आणि चहा घेतला. पन्नासाच्या आत भागलं. टपरीवाल्या बाईंनी चौकशी केली.

"मावशी, एकल्याच? कुटं निगाला?"

"लोणावळ्याला. पाण्याखाली जायचं घड्याळ घ्यायला."

"भुशी धरनाला व्हय? आता तितं पानी न्हाई लय." मग थोडं थांबून, "पान्याखाली येळ कशाला बगायची?"

"वेळेवर वर येता यावं म्हणून."

"मंग लागंल," त्या म्हणाल्या आणि तळणीतला वडा उलटला.

कार्ल्यापर्यंत रस्ता मोकळा होता. लोणावळ्याला जायचं तर आठवड्यातल्या कामाच्या दिवशी जा. शनिवार-रविवारी गावात शिरायलाच इतका वेळ लागतो की, घाट चढलेला परवडला.

झुबेदा दुकानाच्या पायरीवर तयार होती. इम्रान आतून म्हणाला, "मावशी, अम्मीला पाण्यात उतरवू नका हं."

"तुझ्या अम्मीला आजवर कुणी कुठे उतरवलंय का?" मी म्हटलं. "ती स्वतः उतरते."

तो हसला नाही. झुबेदाही हसली नाही. मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

तुंगार्लीच्या अंगाला एका बंगल्यात एक गृहस्थ डायव्हिंग शिकवतात. मागे खोल टाकी आहे, आणि ते विकायची यंत्रं आधी पाण्यात वापरून बघू देतात. आधी फोन करून जा. टाकीचं तासाचं भाडं आहे, पण खरेदी केलीत तर ते घेत नाहीत. टेबलावर तीन कॉम्प्युटर मांडून ठेवले होते. त्यांनी आधी सगळ्यांत महागडा पुढे सरकवला. रंगीत पडदा, फोनला जोडता येतो, होकायंत्र, हृदयाचे ठोके.

"मॅडम, यात सगळं आहे."

"माझे ठोके चालू आहेत की नाही ते मला कळतं," मी म्हटलं. "आकडे केवढे दिसतात ते दाखवा."

मग त्यांनी रीतसर विचारलं, दोघींना काही आजार, औषधं, आधी पाण्यात काही झालं होतं का. मी माझी रक्तदाबाची गोळी सांगितली. झुबेदाने उजवा हात टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. घाट, खांदा, बोटं. बोटं अजून बधिरच आहेत, हेही.

त्यांनी यंत्रं बाजूला सारली. "मग तुम्हाला टाकीतही उतरवता येणार नाही. डायव्हिंग समजणाऱ्या डॉक्टरांनी तपासल्याशिवाय नाही."

माझा तोल गेला. मालवणला ज्यांनी विचारायला हवं होतं ते गप्प राहिले आणि इथे एका टाकीसाठी चौकशी, असं बरंच मी बोलले, आणि आमच्या सिस्टर ज्या सुरात वर्गाबाहेर काढायच्या त्या सुरात बोलले. माणूस बरोबर होता, म्हणून तर जास्त चीड आली.

"सुनंदा, पुरे," झुबेदा म्हणाली. "डॉक्टरांनी मला पावसाळ्यातच सांगितलंय. पुन्हा पाण्याखाली नाही. कधीच नाही."

पावसाळ्यातच. आणि मी दिवाळीपासून मालवणच्या खोल्या बघत होते.

"मग तू इथे कशाला आलीस?"

"तुझ्या गळ्यात काहीतरी रंगीत मारतील म्हणून. चाळीस वर्षं दुकान चालवलंय मी." मग त्या गृहस्थांना म्हणाली, "एक बादली द्या. आणि बर्फ असेल तर टाका."

बर्फाच्या पाण्यात तिने तिन्ही यंत्रं बुडवली, चष्मा काढून माझ्याकडे दिला आणि बधिर बोटांनी बटणं दाबू लागली. मला म्हणाली, "आज माझी बोटं अशी आहेत. गार पाण्यात, हातमोज्यात तुझीही अशीच होतील. जे मला जमेल ते तुला जमेल."

रंगीत पडद्यावरचे आकडे तिला वाचता आले, पण चार बारीक बटणांत तिचं बोट दोनदा चुकलं. शिवाय त्याला दर थोड्या दिवसांनी चार्ज करावं लागतं. दुसऱ्याची इशाऱ्याची शिट्टी इतकी बारीक की मला ऐकू आली आणि तिला नाही. तिसरा काळ्यापांढऱ्या पडद्याचा, दिसायला ओबडधोबड, एकच मोठं बटण, ठसठशीत आकडे. बॅटरी आपली आपण बदलता येते. वीस हजारांच्या जरा वर, म्हणजे रंगीत यंत्राच्या निम्म्याहून कमी.

"हा लोणावळ्याची उंची स्वतः ओळखतो का?" मी विचारलं.

"ओळखतो. दुसऱ्यात हाताने घालावी लागते."

"आणि हे काय?" झुबेदाने पडद्यावरच्या बारीक चित्रावर बोट ठेवलं.

"विमान. डायव्हनंतर ते दिसतंय तोवर विमान टाळायचं."

"घाटाचं चित्र का नाही?"

ते म्हणाले, विमान दिसतंय तोवर घाटही टाळा, आणि ते गेल्यावरही एक रात्र खालीच काढा. वाचकहो, माझी विनंती हीच. जेवण, मुक्काम, परतीचं रिझर्व्हेशन, सगळं या हिशोबाने करा. आणि यंत्र आपापलं घ्या. वाटाड्याच्या हातातला कॉम्प्युटर वाटाड्याचं शरीर मोजतो, तुमचं नाही.

मग तो तिसरा मनगटावर बांधून मी टाकीत उतरले. खाली निळसर अंधार होता. खोली, वेळ, वर येण्याचा वेग, सगळं चष्म्याशिवाय वाचता आलं. सवयीने उजवीकडे वळून खूण केली. तिकडे टाकीची भिंत होती. वर पाहिलं तर काठावरून झुबेदाचे दोन पाय पाण्यात लोंबत होते.

दुकानाच्या वरच्या मजल्यावर तिच्या घरी खिमा आणि भाकरी खाल्ली. इम्रानने माझ्या ताटात न विचारता दुसरी भाकरी वाढली. निघताना झुबेदा म्हणाली, "मालवणच्या खोल्या रद्द करू नकोस. मी येते. होडीत बसायला डॉक्टर नाही म्हणाले नाहीत."

"मला एकटीला उतरायचं नाही."

"एकटी कुठे? ते देतील की कुणीतरी सोबत."

सोमाटण्याला आले तेव्हा ऊन उतरलं होतं. विकत घेतलेला तो एकच कॉम्प्युटर टेबलावर ठेवला आणि माहितीपुस्तक वाचून तो सगळ्यांत सावध पातळीवर लावला. आपल्या वयाला तीच योग्य. खोल्यांची तारीख दोन दिवसांनी वाढवली, विमानाचं चित्र जाईपर्यंत आणि त्यावर पुरी एक रात्र किनाऱ्यावरच. मग मालवणला फोन लावून सांगितलं की यंदा पाण्यात एकच जण उतरणार आहे, दुसरी होडीत बसेल.

पलीकडून विचारलं, "मॅडम, सोबतीला कुणी खास माणूस हवाय का?"

मी नाही म्हटलं. जो कुणी द्याल, त्याला माझ्या डाव्या हाताला राहायला सांगा.