हळदीकुंकवातून उठून आलेल्या बायका

माझा उजवा हात खांद्यापर्यंत म्हशीच्या आत होता आणि बोटांना जे लागत होतं ते मला अजिबात आवडलं नाही. वाट सरळ आत जायला हवी होती. ती वळत वळत उजवीकडं चालली होती आणि पुढं इतकी आवळलेली की दोन बोटंसुद्धा मुश्किलीनं जात होती.

"कधीपासनं चाललंय हे?" मी विचारलं.

"सकाळधरनं," शालनकाकी म्हणाल्या. "उठतीया, बसतीया, कळा देतीया. पण पाणमोट काय दिसंना. काय झालंय वो मॅडम?"

"पीळ पडलाय, काकी."

मी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात डॉक्टर आहे. कागलच्या आसपासची गावं माझ्याकडं. पीळ पडणं म्हणजे आमच्या भाषेत टॉर्शन. गर्भाची पिशवी पोटात लोंबती असते. म्हैस उठता-बसता घसरली, धडपडली, की कधी कधी ती पिशवी रेडकासकट उलटी फिरते. कापडी पिशवीचं तोंड पिळल्यावर होतं तसं होतं. रेडकू बाहेर येऊ शकत नाही, रक्त आत पोचत नाही. उशीर झाला की आधी रेडकू जातं, मग म्हैस.

शालनकाकींच्या गोठ्यात ही एकच म्हैस होती. चंद्री. तिची आई मेली तेव्हा काकींनी बाटलीनं दूध पाजून हिला वाढवलेलं. मी तपासत असताना काकी तिच्या कानाशी सारखं काहीतरी पुटपुटत होत्या.

उपाय साधा आहे, पण एकट्यानं होत नाही. म्हैस आडवी पाडायची, पोटावर लांब फळी ठेवायची, फळीवर माणसं उभी करायची. फळीच्या दाबानं पिशवी जागेवर राहते आणि दोरांनी पाय ओढून तिच्याभोवती अख्खी म्हैस फिरवायची. म्हणजे पुढच्या पायांना माणसं, मागच्या पायांना माणसं, डोकं धरायला एक आणि फळीवर दोघं.

आणि गावात बाप्या माणूस औषधाला नव्हता! शेजारच्या गावच्या जत्रेत कुस्त्यांचं मैदान होतं. काकींचे मालक तिकडं, दोन्ही मुलगे तिकडं, हलगीच्या आवाजात फोन कोण उचलतोय? माझ्या परिचरानं सकाळीच पोटात दुखतंय म्हणून रजा टाकली होती. तोही त्याच मैदानात पहिल्या रांगेत बसला असणार, याची मला खात्री होती.

तेवढ्यात भिंतीपलीकडून बायकांचं मोठ्यानं हसणं ऐकू आलं.

"काकी, पलीकडं काय चाललंय?"

काकींनी भिंतीकडं पाठ फिरवली. म्हणाल्या, "हळदीकुंकू हाय. आमच्या धाकट्या जावंचं. नव्या सुनंचा पयला संक्रांत सण."

"मग बोलवा की सगळ्यांना!"

"मी न्हाय बोलवायची. तीन वर्सं झाली, तिचं आमचं बोलणं न्हाय. मला बोलवलं पण न्हाय तिनं हळदीकुंकवाला. मॅडम, रस्त्यावरनं कोनतर बगूया की."

सांडपाण्यावरून भांडण, हे मला नंतर कळलं. त्या वेळी मला फक्त चंद्रीचा श्वास दिसत होता. मी उलटी बादली ठेवली, तिच्यावर चढले आणि भिंतीवरून डोकं काढलं. हात कोपराच्या वरपर्यंत माखलेला, अंगात रबरी एप्रन. पलीकडं अंगणात काठापदराच्या साड्यांत पंधरा-वीस बायका आणि मधोमध काळ्या साडीत, हलव्याचे दागिने घालून बसलेली नवी सून. मला बघून एकजण किंचाळलीच.

"म्हैस अडलीया!" मी ओरडले. "माणसं पाहिजेत! आत्ता! आणि लांब फळी!"

सगळ्यांनी एका बाईकडं बघितलं. हळदीकुंकवाचं ताट हातात घेतलेली ती मंगल, काकींची धाकटी जाऊ. अंगानं भारदस्त, आवाज त्याहून भारदस्त.

"बगत काय बसलायसा?" ती बायकांवरच खेकसली. "स्लॅबची फळी पडलीया बगा तिकडं. उचला!"

आणि बायका आल्या! पदर खोचून, बांगड्या मागं सारून, फळी खांद्यावर घेऊन आल्या. मंगल मात्र फळी पोचवून उंबऱ्याबाहेरच थांबली.

चंद्रीला दोर टाकून उजव्या कुशीवर पाडलं. काकींनी डोकं धरलं. दोरांवर बायका वाटून दिल्या. नवी सून हलव्याच्या बाजूबंदासकट मागच्या दोराला लागली. "अगं, दागिनं तुटतील!" म्हणून कुणीतरी ओरडलं. "तुटू द्या की," ती म्हणाली.

"आता फळीवर दोघी पाहिजेत," मी म्हणाले. "वजनदार."

झालं! इतका वेळ पुढं पुढं करणाऱ्या बायका एकदम मागं सरकल्या. जिला बघावं ती म्हणते, मी हलकीच हाय. एकीनं तर थायरॉईडचं कारण सांगितलं. वाद घालायला वेळ नव्हता. जवळच्या दोघींना मी फळीवर चढवलं, दोर ओढायला लावले. म्हैस फिरली, पण फळी उडाली, दोघी शेणात बसल्या. मी हात घालून बघितलं. पीळ होता तसाच. पिशवी म्हशीबरोबरच फिरली होती.

"मॅडम, जगंल न्हवं?" काकींनी विचारलं.

मी बोटं अजून आत सरकवली. रेडकाचा पाय बोटाला लागत होता. चिमटा काढला तर त्यानं अगदी थोडा, उशिरा मागं घेतला.

"सरका तिकडं," मागून आवाज आला. मंगल आत आली होती. "शंभराला दोन कमी हाय मी. लाजायचं काय त्यात? कुठं हुबं ऱ्हायचं, मॅडम?"

दोघींच्या जागी ती एकटीच फळीवर चढली आणि समोरच काकी, म्हशीचं डोकं मांडीवर घेऊन. दोघींच्यात दोन हातांचं अंतर. दोघी माझ्याकडं बघत होत्या.

"मॅडम, तिला सांगा," काकी म्हणाल्या, "सावकाश. पाय मुरगळंल."

"मॅडम, त्यास्नी सांगा," मंगल म्हणाली, "मुंडकं घट्ट धरा."

"धरलंय म्हणावं."

तेवढ्यात माझा फोन वाजला. एका मावशींनी खिशातून काढून माझ्या कानाला लावला. घरून आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई. सकाळी मुलाला ताप होता, त्याला त्यांच्याकडं टाकून मी आले होते. "ताप उतारलाय," त्या म्हणाल्या. "भात खाल्ला, झोपलाय. तुझं चालू दे." फोन बंद. एवढंच सांगायला त्यांनी फोन केला होता. माझे खांदे सैल झाले, हे मला आजही आठवतं.

"ओढा!"

बायकांनी ओढलं. हलव्याचे दाणे गोठाभर उडाले. मंगल फळीवर खांबागत उभी. म्हैस पाठीवरून पलीकडं गेली. मी हात घातला. अर्धा पीळ सुटला होता!

"अजून एकदा! थांबू नका!"

चंद्रीला परत उजव्या कुशीवर घेतलं. दुसऱ्या वेळी हात आत घातला आणि वाट मोकळी झाली. सरळ! दोन हात उंच उडी मारावीशी वाटली. पाठोपाठ पाणमोट फुटली, माझ्या अंगावर, एप्रनवर, चार काठापदरांवर. कुणी हूं की चूं केलं नाही. रेडकाचे दोन्ही पाय हाताला आले. मी ओढलं, मागं मावशींनी मला ओढलं आणि रेडकू गोणपाटावर आलं.

हलेना. मी नाकातोंडातला चिकटा काढला. छाती चोळली. नाकात गवताची काडी घातली. पुन्हा काडी घातली. आणि ते शिंकलं!

"रेडी हाय!" नवी सून ओरडली, आणि मग जो गलका झाला तो कुस्तीच्या मैदानात तरी झाला असेल का, कोण जाणे. मी रडत होते आणि हसत होते. सोळा वर्षांच्या नोकरीत इतका आनंद मला क्वचित झाला. काकींनी मला मिठी मारली, बायकांचे हात धरले. मंगलला तेवढं काही म्हणाल्या नाहीत. ती फळी उचलून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी जार, म्हणजे वार, नीट पडलाय का बघायला गेले. चंद्री वैरण खात होती, रेडी पीत होती. काकींनी खरवसाचे दोन डबे माझ्या हातात दिले.

"एक तुमचा. आणि एक..." त्यांनी भिंतीकडं हनुवटी केली. "तेवढा पोचवा."

वीस पावलांवरचं घर. मी डबा घेऊन गेले. मंगलनं झाकण उघडलं, उभ्या उभ्याच घास तोंडात टाकला, जरा वेळ चघळला.

"मॅडम, त्यास्नी सांगा, गूळ कमी पडलाय."

मी तोंड उघडायच्या आत भिंतीपलीकडून आवाज आला, "मग घरात गूळ न्हाय व्हय गं तुझ्या? घाल की वरनं!"

"घालतो की! आणि रेडीला उन्हात बांदू नगासा!"

मला कुणी सांगायला सांगितलं नाही. मी हळूच सटकले.

गाडी चालवताना एकच डोक्यात होतं. तीन वर्षांचा अबोला असलेली बाई आभार मानू शकते, डब्यातून का होईना. लग्नापासून दहा वर्षं मी ज्यांच्या जिवावर रात्री-अपरात्री म्हशींमागं पळते, त्यांना कधी काही म्हणाले? घरी पोचले. आत्या मुलाला भरवत होत्या. खरवसाचा डबा त्यांच्यापुढं ठेवला आणि धीर करून म्हणाले, "आत्या, तुम्ही आहात म्हणून माझी नोकरी चाललीय. खरंच."

आत्यांनी घास हातातच धरला. माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं.

"परत कुठं ट्रेनिंगला जायाचं हाय व्हय?"

जायचं होतं. सोमवारपासून, पुण्याला.