नऊशे विड्या

सोजरबाईची राख सावडून झाली आणि माणसं स्मशानातल्या पत्र्याखाली जमली. आता भाषणं व्हायची होती. भवानी पेठेतल्या त्या गल्लीत तिसऱ्याच्या दिवशी चार शब्द बोलल्याशिवाय कुणी घरी जात नसे, आणि तीस वर्षं ते शब्द रावजीच बोलत आला होता. या वेळी त्याचीच बायको गेली होती, म्हणून तो खाली बसला होता.

रावजी चादरीच्या कारखान्यात मागावर होता. बोलायला शिकला तो गेटवरच्या सभा ऐकून. आवाज कुठं उतरवायचा, प्रश्न टाकून उत्तर न देता कुठं थांबायचं, मयताच्या थोरल्या मुलाचं नाव केव्हा घ्यायचं, सगळं त्याला पाठ होतं. पण त्याआधीचं काम तो चुकवत नसे. आदल्या दिवशी मयताच्या घरी जायचा. माणूस कशावर चिडायचा, हातानं काय करायचा, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारायचा. एक खरी गोष्ट हाती लागल्याशिवाय तिथून उठायचा नाही. माणसं त्याच गोष्टीवर रडतात, बाकीचं नुसतं तिच्याभोवती रचायचं असतं, असं तो सांगायचा.

सोजरबाईसाठीही तो काल दिवसभर बसला होता. या पत्र्याखाली तिची एक तरी खरी गोष्ट बोलली जावी, एवढंच त्याला हवं होतं. बेचाळीस वर्षं एका घरात काढली, तरी काही हाती लागेना. डोकं भिजल्या पोत्यासारखं जड झालं होतं. शेवटी त्यानं अभिमन्यूला बोलायला सांगितलं. हा गल्लीतलाच. रावजीचं ऐकून ऐकून बोलायला लागलेला, आता पुढाऱ्यांच्या कार्यक्रमांतही बोलावतात.

अभिमन्यू उभा राहिला. रावजीसारखेच हात मागं बांधले. सोजरकाकूंनी कुणासाठी केलं नाही, असं विचारून थांबला. तीन मोजून पुढं जाईल, रावजीला वाटलं. तो तीन मोजूनच पुढं गेला. आता आवाज उतरेल. उतरला. काकूंच्या तोंडून कधी तक्रारीचा शब्द निघाला नाही, तो म्हणाला. बायकांनी पदर तोंडाला लावले.

"या माउलीनं पस्तीस वर्षं रोज हजार विड्या वळल्या. एक दिवस एक विडी कमी नाही."

हुंदके आले. रावजीला काहीच झालं नाही. दुसऱ्याच्या मागावरचं कापड बघावं तसं तो ते ऐकत होता. वीण बरोबर होती. पण ह्यानं कुणाला विचारलं नव्हतं. दहा पावलांवर सोजरबाईच्या जोडीदारणीचं, नरसम्माचं घर होतं, तेवढंही चालला नव्हता.

रावजी उठला. आता आबा बोलणार म्हणून सगळे पुढं सरकले. त्यानं हात मागं बांधले नाहीत.

"हजार न्हाय," तो म्हणाला. "नऊशे. हजार तिच्यानं कदी झाल्याच न्हाईत. अंगठा चिरायचा, चिंधी बांधून वळायची. आन् रोज कुरकुरायची. लई कुरकुरायची."

तो थांबला. हे थांबणं मोजलेलं नव्हतं. पुढं काही सुचलं नाही, म्हणून खाली बसला.

कुणी रडलं नाही. अभिमन्यू पायाच्या नखांकडं बघत राहिला. आबांना धक्का बसलाय, असं कुणीतरी हळू म्हणालं, आणि माणसं चपला शोधायला लागली.

नरसम्मा जाता जाता त्याच्यापाशी थांबली. सोजरबाईच्या शेजारी बसून तिनंही तेवढीच वर्षं विड्या वळल्या होत्या.

"विडीच्या कारखान्यात हजारच जायच्या की," ती म्हणाली. "वरच्या शंभर मी घालत होते. कुणाला सांगू नको म्हणली होती. तुमाला कसं कळलं?"

"विडीवरचा तुमचा दोरा आवळून असायचा," रावजी म्हणाला. "तिचा सैल."

नरसम्मानं मान हलवली. "सैलच," ती म्हणाली, आणि त्याच्या शेजारी फरशीवर बसली.